काकांची टपालखात्यातली नोकरी

अख्ख्या औंढा नागनाथात आमच्या काकांइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. परदेशात हेरगिरी करणाऱ्या सरकारी खात्यात उभी हयात घालवून ते नव्वदच्या दशकात गावी परतले. पण विचारणाऱ्याला टपालखात्यात होतो असंच सांगायचे. खरं काय ते मला आणि मावशीलाच ठाऊक, तेही अर्धवट. पंगतीत ते भिंतीला पाठ लावून बसत आणि फोटोवाला जवळ आला की त्यांना नेमका ठसका लागे. देवळाकडे रोज वेगळ्या गल्लीनं जात. फुलवालीनं एकदा सहज 'काल आला न्हाईत' म्हटलं, तर दुसऱ्या दिवसापासून फुलं घेणंच बंद. मावशी वैतागायची, "तुमाला इथं कोन मारून राहिलं?"

एका सकाळी हिंगोलीच्या जीपमधून तिशीचा एक माणूस उतरला आणि माझ्या दुकानात येऊन हिंदीतून चौकशी करू लागला. तो विचारत होता ते नाव भलतंच होतं, पण हनुवटीवरच्या व्रणासकट वर्णन काकांचं. मी कानांवर हात ठेवले आणि तो पुढं जाताच काकांकडे धावलो. ते नाव ऐकून त्यांचा चहा बशीत हिंदकळला. त्या नावानं ते परमुलखात वावरले होते. त्यांनी मावशीला लागलीच हिंगोलीपलीकडच्या गोरेगावला तिच्या भावाकडे धाडलं, खिडक्या लावून घेतल्या आणि मलाही जा म्हणाले. मी गेलो नाही.

दुपारी तो दारात आलाच. त्याचे वडील काकांच्याच खात्यात होते; काकांचं ते नाव आणि हे गाव आईनं त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. सरहद्दीपलीकडे गेले ते परतले नाहीत, आणि खातं काही सांगत नव्हतं. आई अजून त्यांचे कपडे धुऊन घडी घालून ठेवते, म्हणाला. वडील जिवंत आहेत का, एवढंच त्याला हवं होतं.

"मी टपालखात्यात होतो," काका म्हणाले. मग त्याला जेवू घातलं.

आम्ही त्याला जीपपर्यंत पोचवायला गेलो. जीप सुरू झाली तशी काकांनी त्याचं मनगट धरलं आणि हिंदीत हळूच म्हणाले, "आईला सांगा, आता वाट पाहू नका. ते लगेच गेले. तकलीफ झाली नाही."

पुढं कितीतरी दिवस दारासमोर गाडी थांबली की काका उठून उभे राहत. गुपित फोडलं होतं. कुणीतरी जाब विचारायला येणार, अशी त्यांची खात्री होती. कुणीच आलं नाही. मग एकदा माझ्या दुकानात बसले असताना ते आपणहून बोलले.

"ते गेले, हे खरं होतं रे. तकलीफ झाली की नाही, ते मला माहीत न्हाई."