इग्वाना म्हणून आणलेली पाल

पुण्याला नोकरी लागली तेव्हा धाकटा भाऊ जाताना चिकलठाण्याच्या आमच्या घरात एक पाल ठेवून गेला. आई तर घरात होतीच, पक्षाघातानं डावी बाजू लुळी पडलेली. "इग्वानाचं पिल्लू आहे ताई, पाला खाणारा परदेशी सरडा असतो तो," तो म्हणाला. "पालक टाकत जा. जागा मिळाली की घेऊन जातो."

माशांची जुनी काचपेटी, तळाला ओला कापूस, वर पांढराशुभ्र दिवा. सगळं त्यानंच मांडून दिलं होतं. पालक तसाच सुकायचा, मी रोज बदलायची. पिवळट, ठिपक्यांची ती पाल दिवसभर डोळे मिटून कोपऱ्यात पडलेली. शेपटी वाळत चालली होती. आई पलंगावरून तोंड फिरवायची. "पाल कुणी पाळत असतंय व्हय?"

भावाला फोन केला की तो मीटिंगमध्ये असायचा. शेवटी डब्याला भोकं पाडून त्यात तिला घातलं आणि औरंगपुऱ्यात, त्यानं ती जिथून घेतली त्या दुकानात गेले. दुकानदारानं वरवर बघितलं. "इग्वानाच है आपा. बडा होके हरा होता."

तिथून रिक्षानं क्रांती चौकाजवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी तिला तळहातावर घेतलं, बोटं पाहिली. तेवढ्यात तिनं डोळे मिटून उघडले.

"हिला पापण्या आहेत. आपल्या भिंतीवरच्या पालीला नसतात. पण इग्वाना नाही ही, लेपर्ड गेको आहे, कोरड्या प्रदेशातली पाल. काय खायला घालता?"

"पालक."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, ही फक्त किडे खाते. उपाशी आहे ती."

मला भर दवाखान्यात रडू आलं. सगळंच काही पालीसाठी नव्हतं ते.

डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं घरी येऊन कापूस फेकला, दिवा काढला. कोरडा कागद अंथरला. एका बाजूला पेटीखाली गरम राहणारी चटई लावली, लपायला फुटक्या कुंडीचा तुकडा पालथा घातला. कोंड्याच्या डब्यात किडे वाढवायला ठेवले. आई शिव्या देत होती. पण पालीनं पहिला किडा मटकावला तेव्हा तीच ओरडली, "खाल्ला गं, खाल्ला!" पुढं उजव्या हातात चिमटा धरून आईच तिला भरवायला लागली. संध्याकाळी पाल कुंडीखालून बाहेर यायची आणि आई तिच्याशी गावाकडच्या गोष्टी बोलायची. शेपटी भरली. घरात हसणं ऐकू यायला लागलं.

दिवाळीला भाऊ आला. पेटीपाशी उकिडवा बसून म्हणाला, "मस्त झाली की! नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लई भारी दिसंल."

मी त्याला सगळं सांगितलं. किती ऊब, किती पाणी, काय खायला, काय नाही. त्यानं मोबाइलवर लिहून घेतलं, दोनदा विचारून खात्री केली. आईला कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे त्यानं विचारलं नाही.

आई म्हणाली, "राहू दे की रे हितंच. माझा वेळ जातो."

"तुला टीव्ही आहे ना," म्हणत त्यानं पेटी गाडीत ठेवली.

काही आठवड्यांनी त्यानं फोटो पाठवला. रंगीत दिवे, खोटी झाडं, धबधब्यासारखं सतत पडणारं पाणी, आणि लपायला काहीच नाही. मी लगेच फोन केला. "बघतो गं," म्हणाला. थंडी संपायच्या आत त्याचाच फोन आला. पाल मेली होती. "तू नीट सांगितलं नसशील ताई," तो म्हणाला. "माझ्या मित्रांसमोर इज्जत गेली."

मी फोन ठेवला आणि आईला खरं ते सांगितलं. वाटलं, आता तरी ती त्याला बोलेल. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पदरानं पुसलं.

"लई काम असतंय त्याला," ती म्हणाली. "तूच एकदा जाऊन नीट मांडून द्यायचं होतंस."

मी तिला उठवून बसवलं आणि तिच्यासाठी पोळी कुस्करायला घेतली.