गळ्याच्या वर हात लावायचा नाही

पेंटरमामांना आयुष्यात कुणी चित्रकार म्हटलं नाही. ज्याच्या खांद्यावर शिडी आणि हातात रंगाचा डबा असतो त्याला लोक पेंटरच म्हणतात, आणि साठी उलटली की मागे मामा चिकटतं, एवढाच काय तो मान. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, आणि उमेदीच्या वयात सिनेमाची पोस्टरं, असं त्यांचं काम. थिएटरचे मालक तेव्हा स्वतः शिडीखाली उभे राहून सांगायचे की नायिका आणखी थोडी भिजवा, गळा आणखी दोन बोटं खाली घ्या. मामा घ्यायचे. ती वीस फुटांची ओलीचिंब बाई मग महिनाभर चौकात उभी राहायची. खालून शाळेची मुलं जायची, म्हातारेकोतारे जायचे, अख्खं शहर जायचं. कुणाच्या पोटात कधी दुखलं नाही.

मामांना एकच बाई काढता आली नव्हती, ती म्हणजे त्यांची बायको. मुलगी अकरा महिन्यांची असताना ती तीन दिवसांच्या तापात गेली. मागे लग्नातला एक फोटो राहिला, त्यात तिने नेमके डोळे मिटलेले. तीस वर्षं मामा पुठ्ठ्यांच्या पाठीवर तिचा चेहरा काढून बघत होते. नाक जमायचं, कपाळ जमायचं, आणि सगळं मिळून कुणीतरी तिसरीच बाई समोर बसायची. मग ते त्याच पुठ्ठ्यावर ब्रश पुसून टाकायचे. मुलीने लहानपणी पुष्कळदा विचारलं, आई कशी दिसायची? मामा म्हणायचे, बरी दिसायची. याहून जास्त त्यांना सांगता येत नव्हतं, आणि दाखवता तर मुळीच येत नव्हतं.

मग बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंनी त्यांना बोलावलं. तपासणीसाठी बायका जिथे बाकांवर बसायच्या त्या व्हरांड्याची लांब भिंत रिकामी होती. बाईंचं म्हणणं सरळ होतं. पहिलटकरणी घाबरलेल्या असतात, बाळाला छातीशी कसं धरायचं ते त्यांना ठाऊक नसतं आणि विचारायची लाज वाटते. तेव्हा आई बाळाला पाजते आहे असं मोठं चित्र काढा, आणि नीट दिसेल असं काढा, बघून शिकता आलं पाहिजे.

मामांनी बाळापासून सुरुवात केली. बाळाची हनुवटी, मोठं उघडलेलं तोंड, आईचा अंगठा, मग वाकलेली मान. आणि मान झाली तसा चेहरा आपोआप आला. मामा शिडीवरच थबकले. तीस वर्षं ते बायको समोर बघते आहे असं काढत होते, आणि ती बिचारी समोर बघायचीच कधी? घरात होती तेवढे दिवस तिची मान खालीच होती, त्या पोरीच्या तोंडाकडे. अर्धवट झोपलेली, थोडी वैतागलेली, आणि तरी नजर न हलवणारी. तीच भिंतीवर बसली होती. मामा खाली उतरले आणि बाकावर बसून राहिले. कुणीतरी आणून दिलेला चहा तसाच गार झाला.

मेट्रनबाईंनी चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मामा, बाळाचं तोंड इतकं बरोबर कुठे शिकलात? आमच्या शिकाऊ नर्सना हे पाठ करूनही जमत नाही."

"घरी," मामा म्हणाले.

महिनाभर ते चित्र कामाला आलं. बाई नव्या आयांना हाताला धरून भिंतीपुढे न्यायच्या आणि पट्टीने दाखवायच्या, हनुवटी इथे टेकली पाहिजे, तोंड असं भरलं पाहिजे. मामांची मुलगीही तिथेच तपासणीला येत होती, पाचवा महिना होता. ती भिंतीपुढे किती तरी वेळ उभी राहिली. मग तिने विचारलं, "अशी होती?" मामांनी मान हलवली. "आणि ही मी?" मामांनी पुन्हा मान हलवली. तिने फोनवर फोटो काढला आणि 'माझी आई' असं लिहून लोकांपुढे टाकला.

दोन दिवसांत तो तिथून उडाला. चित्रात नग्नता आहे असा निरोप आला म्हणे. कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्राने बघून ते ठरवलं देव जाणे, पण उडायच्या आधी तो तिच्या दिरांनी पाहिला होता आणि सासूबाईंना दाखवला होता. सासूबाईंनी विचारलं की स्वतःच्या आईला कुणी असं बाजारात मांडतं का. वाद नको म्हणून नवऱ्याने तो फोनमधूनही पुसला. हे सगळं मुलीने बापाला सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला नव्हता, आणि मामांना तेच लागलं. शेवटी ती म्हणाली, "आणि बाबा, तसं बघितलं तर त्यांचंही काही चूक नाही."

मामांनी मनाची समजूत घातली. फोटो गेला तर गेला, भिंत आहे. फोनपेक्षा भिंत टिकते, असा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता.

पण भिंतीलाही नजर लागली. एक निवृत्त मास्तर सुनेला घेऊन तपासणीला आले होते, त्यांनी ऑफिसात तक्रार दिली. अशा भिंतीपुढे घरातल्या बायकांबरोबर बसायला शरम वाटते, असं त्यात शुद्ध भाषेत लिहिलं होतं. ज्या बाकावर बसून लिहिलं त्या बाकासमोर आठ बायका खऱ्याखुऱ्या पोरांना पाजत बसल्या होत्या, त्यांच्याबद्दल तक्रारीत एक ओळ नव्हती. मास्तरांमागून आणखी चार अर्ज आले, त्यातले दोन बायकांचे. ऑफिसातले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना फक्त आपल्या टेबलावर कागद साचलेले चालत नसत. त्यांनी मामांना बोलावून सांगितलं, थोडं झाकून घ्या.

मामांनी विचार केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक अट घातली.

"साहेब, खाली काय सांगाल ते करतो," ते म्हणाले. "पण गळ्याच्या वर हात लावायचा नाही."

साहेबांना गळ्याच्या वर काही आक्षेपच नव्हता. त्यांनी लगेच कबूल केलं.

मामांनी शाल रंगवली. निळी, जाड, खांद्यापासून मांडीपर्यंत. बाळ तिच्याखाली गेलं, बाहेर फक्त दोन पाय उरले. मेट्रनबाईंची पट्टी कपाटात गेली, कारण शालीवर काय दाखवणार? आणि गंमत अशी की आधी ज्याच्याकडे फारसं कुणी वळून बघत नव्हतं, तिथेच आता येणारा जाणारा बघायला लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते काय खोटं? आठवड्याभरात कुणीतरी कोळशाने शालीवर नको ते काढून ठेवलं. मामांनी ते पुसलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा काढलेलं होतं. मामांनी पुन्हा पुसलं, पण वर तिच्याकडे बघायचं धाडस काही त्यांना झालं नाही.

तेव्हा साहेबांना युक्ती सुचली. शाल नको, बाळ थोडं वर घ्या, अंगात बंद गळ्याचा झगा घाला, आणि हातात दुधाची बाटली द्या. आई पण राहिली, बाळ पण राहिलं, तक्रारीला जागाच नाही. मेट्रनबाई तो महिनाभर रजेवर होत्या, नाही तर त्यांनी तिथेच डोक्याला हात लावला असता. मामांनी बाटली काढली. हाताने काम चोख केलं, काचेवरची चमकसुद्धा सोडली नाही. मान तशीच होती, चेहरा तसाच होता. ती आता बाटलीकडे बघत होती एवढंच. मामा स्वतःला म्हणाले, माणसं म्हातारपणी कशाकशाला सवय करून घेतात, तीही घेईल.

बाटली भिंतीवर अठरा दिवस टिकली. मग वरून तपासणीचं पथक आलं. पथकातल्या बाईंनी व्हरांड्यात पाऊल ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला की हे कुणी काढलं. बाळंतपणाच्या दवाखान्यात बाटलीचं चित्र लावायला नियमाने बंदी आहे. आया अंगावर पाजायचं सोडून बाटलीला लागतात म्हणून. साहेबांना नियम माहीत नव्हता, मामांना तर असा काही नियम असतो हेच माहीत नव्हतं. साहेबांकडून लेखी खुलासा मागितला गेला. छाती काढली तर लोक ओरडतात, बाटली काढली तर सरकार ओरडतं. आई काढायची तरी कशी, याचा नियम मात्र कुणाकडे नव्हता.

साहेबांनी भिंत पांढरी करायला सांगितली. वर फक्त अक्षरं लिहा, म्हणाले, अक्षरांना कुणी काही म्हणत नाही. मामांनी अटीची आठवण करून दिली. आवाज त्यांचा आधीच पडलेला होता. नुसता चेहरा राहू द्या, बाकी सगळं मी पांढरं करतो.

साहेब म्हणाले, "मामा, नुसता चेहरा ठेवला तर ती खाली कशाकडे बघते असं लोक विचारतील. मी काय सांगू?"

मामा ब्रश उचलेनात. दुसऱ्या कुणाला बोलावतो असं साहेब म्हणाले, तेव्हा मामांनी नको म्हटलं. दुसऱ्याच्या हाताने होण्यापेक्षा आपल्या हाताने झालेलं बरं.

त्यांनी खालून सुरुवात केली. झगा गेला, बाटली गेली, बाळ गेलं. पहिल्या हातात मागचा रंग दिसतोच, दुसऱ्यात थोडा दिसतो, तिसऱ्यात जातो. चेहऱ्यावर तिसरा हात देताना मामांच्या लक्षात आलं की बाटलीवाल्या चित्राचा तरी एक फोटो काढून ठेवायला हवा होता. खिशात बटणांचा साधा फोन होता, आणि भिंत आहे म्हणून आपण निवांत होतो. त्यांनी हात थांबवला. पण तोवर दिसत होती ती फक्त भुवयांची रेघ, आणि ती कुणाच्याही भुवयांची असू शकली असती. त्यांनी तीही झाकली. रंग वाळल्यावर पट्टी धरून निळी अक्षरं काढली: आईचं दूध हेच बाळाचं अमृत. अक्षरं फार सुबक आली. साहेबांनी कौतुक केलं.

घरी जाऊन मामांनी पुठ्ठा घेतला. आता मान ठाऊक झाली होती, बाळ ठाऊक झालं होतं, म्हणजे जमायला हरकत नव्हती. हनुवटी काढली, अंगठा काढला, मान वाकवली. वर पुन्हा तिसरीच बाई आली. पाच-सहा पुठ्ठे झाल्यावर त्यांनी नाद सोडला.

मुलगी त्याच दवाखान्यात बाळंत झाली. तिला मुलगी झाली. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. अमृताच्या अक्षरांखालून गेले, वर पाहिलं नाही. खोलीच्या दाराशी पोचले तेव्हा आत मेट्रनबाई पलंगाशी वाकून काहीतरी समजावत होत्या, आणि मुलगी रडवेली होऊन म्हणत होती की तिला पकडताच येत नाही हो, मला काही कळतच नाही. त्यानंतर बाळाचा चुकचुक आवाज आला, आणि मेट्रनबाई म्हणाल्या, हां, हे बघ, आता धरलं.

मामांनी एक पाऊल आत टाकलं. मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिची मान वाकलेली होती. मागून दिसत होती तेवढी ती मान तीच होती, तसूभरही फरक नव्हता, आणि तिच्यापुढे तो चेहरा असणारच होता. मामांना फक्त दोन पावलं पुढे जाऊन वळायचं होतं.

चपलांचा आवाज ऐकून मुलगी दचकली. तिने घाईने शाल ओढली, खांद्यावरून, बाळावरून, स्वतःच्या डोक्यावरूनसुद्धा.

"बाबा, बाहेर थांबा ना जरा," ती आतून म्हणाली.

शालीखालून बाळाचे दोन पाय बाहेर आले होते. मामा ते बघत क्षणभर उभे राहिले. मग बाहेर बाकावर जाऊन बसले, पांढऱ्या भिंतीसमोर, आत बोलावतील म्हणून.