अंबादास सरांचं एक वाक्य

पुण्याची मयुरा अंबादास गजभिये सरांना पहिल्यांदा भेटली ती दिल्लीत, मुनिरक्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात, नोकरीसाठी. सरांनी तिला पेशंट समजून पाऊण तास समुपदेशन केलं. ते इतकं मायेचं होतं, की तिनं दिवसाला सहा चहा पिते अशी कबुली दिली, रडली, आणि आईची माफी मागायचं वचनही देऊन बसली. मग तिची प्रमाणपत्रं टेबलावर आली. सर म्हणाले, "अच्छा! म्हणजे तुम्ही मला सुधारायला आलात."

सरांचा आवाज असा, की कानात सांगितलेलं गुपित मेट्रो स्टेशनपर्यंत पोचे. घरी निघालेल्या प्रत्येक पेशंटला ते सांगत, "परत घेऊ नकोसच. पण घेतलीसच, तर पूर्वीएवढी नको, आणि एकट्यानं नको. शरीराची सवय मोडलीय. जुना डोस आता जीव घेईल."

मयुरा हादरली. "सर, ही तर परवानगीच झाली! आणि तुम्ही रोज पंचशील म्हणता."

"म्हणतो ना. नशेपासून दूर राहीन म्हणतो, आणि शेवटी येतं सिक्खापदं. म्हणजे धडा. हुकूम नव्हे, पुणेकर! धडा घेणारा नापास होणार हे धरूनच चालायचं. नापास पोराला कुणी फासावर देतं का?"

हे संचालक खुरानांनी दोन खोल्या पलीकडे ऐकलं. "गजभियेजी, आप तो नशे की क्लास चला रहे हैं," ते म्हणाले, आणि निघणाऱ्या पेशंटांशी बोलायचं काम त्यांनी मयुराकडे दिलं.

पहिलाच निघाला जयदीप. पानिपतच्या हातमागावरचा, स्मॅक ओढणारा, तीन महिने पुरे केलेला. सरांनी मयुराला जिन्यात गाठलं. "त्याला तेवढं सांगा. बायको माहेरी, दोस्त तेच जुने. हा परत घेणार, मला दिसतंय."

"हो सर."

शुक्रवारी जयदीप पिशवी मांडीवर घेऊन बसला. दारात खुराना उभे. मयुरानं छापील कागद वाचला: प्राणायाम करा, वाईट संगत टाळा, एकदाही घेऊ नका.

"और कुछ, मॅडम?" जयदीपनं विचारलं.

तिनं खुरानांकडे पाहिलं. "नहीं. आप बिल्कुल ठीक हो."

तो घरी पोचला की फोनवर ते सांगू, असं तिनं ठरवलं. सोमवारी केलाही. फोन बंद होता. पण त्याआधी, शुक्रवारीच संध्याकाळी, सरांनी विचारलं होतं, "सांगितलंत?"

"हो सर."

"शाबास!" समोरच्या औषधवाल्यानंही मान वर केली.

जयदीप पाचव्या दिवशी गेला, जुनाच डोस घेऊन. खोलीत एकटाच होता.

 सर मयुरालाही जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "सांगूनही गेला. म्हणजे एवढी वर्षं माझंच खूळ होतं."

न सांगितल्याचं मयुरानं तेव्हाही सांगितलं नाही.

त्यानंतर सरांनी ते वाक्य कुणालाच सांगितलं नाही. मार्चमध्ये राजीनामा देऊन ते भंडाऱ्याकडे, पवनीला गेले.