पाणबुड्याचा पाइप

मध्यभारत सरकारच्या कचेरीत कारकून असलेल्या माझ्या मामाने मासिकात पाणबुड्याचा फोटो पाहिला आणि मला पाणबुड्या करायचं ठरवलं. स्वतः व्हायची हिंमत नव्हती ना! त्याने सियागंजच्या बाजारातून रबरी पाइप आणला आणि मला घेऊन सांवेरच्या रस्त्यावरची एक विहीर गाठली. पाइपाचं एक टोक माझ्या तोंडात, दुसरं पायरीवर बसलेल्या मामाच्या हातात. "तोंड उघडायचं नाही, बस्स!" त्याने बजावलं.

पण आमच्या घरात आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर पडला की तोंडातून आपोआप "हर हर गंगे" निघतं. मान पाण्याखाली घालता घालता तेच निघालं. पाइप सुटला आणि विहिरीचं पाणी पोटात गेलं. मामा खवळला. "अरे भिया, आंघोळीला आलायस का? गधा कुठला!"

मग मी चिडून पाइप दातांत घट्ट आवळला, नाक दाबलं आणि बुडी मारली. पहिलाच श्वास ओढला, तर पाइपातून हवेऐवजी पाणीच आलं.

खोकत वर आलो. पाइपाचं दुसरं टोकही पाण्यात तरंगत होतं, आणि पायरीवर माझ्या बुडीच्या पाण्याने भिजलेला मामा डोळे मिटून, दोन्ही हात जोडून म्हणत होता, "हर हर गंगे!"