जेवणानंतरची पुडी

दवाखाना बंद करून मला बरीच वर्षं झाली, तरी जुनी माणसं भेटली की कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, ते पुडीचं सांगा ना!" मी विचारते, "कुठलं?" कारण पुडीचं काही एकच नाही. पेशंट बाटली घरी न्यायचा आणि गोष्ट मात्र आमच्या बाकावर विसरून जायचा. औषधं संपायची, गोष्टी साठत राहायच्या.

लढाईच्या वर्षांतलं हे सगळं. मिरजेत स्टेशनच्या वाटेवर माझा दवाखाना होता. मी डॉक्टर आणि औषधं तयार करायला कंपाउंडर गोविंदराव, एवढाच आमचा स्टाफ! संधिवाताला आम्ही एक पुडी द्यायचो. तीन औषधं एकत्र खलून केलेली. दोन दुखणं उतरवणारी आणि तिसरा चहा-कॉफीत असतो तसला तरतरी आणणारा अर्क. गुण झटकन यायचा, आणि नेमकी त्याचीच मला धास्ती वाटायची. झटकन गुण येणारं औषध माणूस हात सैल सोडून घेतो.

गोविंदराव प्रत्येक पुडीबरोबर एकच पाठ म्हणायचे. "जेवल्यावर, पाण्याबरोबर, सांगितली तेवढीच." सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हेच. एकदा एका वाटसरूनं त्यांना नुसता टपालकचेरीचा पत्ता विचारला, तर मान वर न करता म्हणाले, "जेवल्यावर!"

*

साताऱ्याकडचे एक पेन्शनर हवालदार मिरजेत लेकीकडे राहायला आले होते आणि आमची पुडी घेत होते. एका सकाळी लेक त्यांना टांग्यात घालूनच घेऊन आली. उलट्या थांबत नव्हत्या, घाम सुटलेला, श्वास धावल्यासारखा चाललेला.

"हवालदारसाहेब, पुडी किती घेतलीत?"

"तुमी सांगितली तेवडीच."

"आणखी काही औषध?"

"साताऱ्याच्या डाक्टरची बाटली."

"आणखी?"

"पल्टनीतल्या दोस्तानं गोळ्या दिल्याल्या, त्या."

पुडी, बाटली, गोळ्या. रूप वेगळं, रंग वेगळा, पण आत औषध एकच! तिप्पट डोस पोटात गेला होता.

"अहो, तिन्ही कशाला घेतलीत?"

उलटीचं भांडं लेकीच्या हातात देऊन हवालदार त्या अवस्थेतही ताठ बसले. "बाई, तिगांनी बी हुकूम दिल्याला. मी कुनाचा मोडायचा?"

त्यांना आम्ही बाकाशेजारच्या खाटेवरच ठेवून घेतलं. ती रात्र लेकीनं आणि मी जागून काढली. वाचले. पण तेव्हापासून मी नियमच केला, की येताना घरातलं सगळं औषध पिशवीत भरून आणायचं.

पिशव्या येऊ लागल्या. कुणाची पाच वर्षांची जुनी बाटली, कुणाचा मेलेल्या दिराचा काढा. एका आजींच्या पिशवीतून बैलाच्या खांद्याला लावायचं तेल निघालं! मी काही बोलायच्या आत आजी म्हणाल्या, "ह्येच्यानं बैल चालतोय न्हवं? मग म्या का न्हाई?"

*

तासगावकडचे एक आबा दर बाजाराच्या दिवशी यायचे. गुडघे सुजलेले. पुडी नियमानं घेत होते, तरी गुण म्हणून नाही. दुसरा त्याच पुडीनं पळायला लागतो, आणि आबा आपले काठी टेकतच येतात. मला काही उमगेना.

एकदा जाता जाता आबा दारातून वळले. "बाई, पुडी जरा मोटी बांदा की. दोगांस्नी पुरत न्हाई."

"दोघांना? दुसरं कोण?"

आबा लाजले. साठीचा माणूस, पण नव्या नवऱ्यासारखा लाजला. "घरात. तिचं बी गुडघं दुकत्यात. निम्मी तिला, निम्मी मला."

"मग त्यांना दाखवायला का नाही आणलं?"

"ती म्हनती, मला काय झालंय?"

पुढच्या बाजाराला आबा बायकोला घेऊन आले. बाई पायरी चढून बाकावर बसली ती धापा टाकतच. छातीला नळी लावली तर आत शिट्ट्या वाजत होत्या. दमा जुनाच होता, पण हल्ली फार वाढलाय म्हणाली. कधीपासून? तर पुडी सुरू झाल्यापासून. दम्याच्या काही माणसांना ते औषध सोसत नाही, श्वासच अडवतं. आबा मोठी पुडी घेऊन गेले असते तर काय झालं असतं, ते त्यांना सांगावं की नाही, याचा मी विचार करत होते. पण त्यांना ते कळलंच होतं. धोतराच्या सोग्यानं ते बायकोचं कपाळ पुसत राहिले.

"म्या तुला इख देत हुतो का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

धाप जरा ओसरली तशी ती म्हणाली, "निम्मंच दिलंसा की!"

*

सोनाबाई म्हसवडजवळच्या. मिरजेत भावाकडे आल्या होत्या. मुलगा पल्टनीत, कुठे दूर मुलखात लढाईवर. कित्येक महिन्यांत त्याची काही खबर नव्हती. त्याच्यासाठी सोनाबाईंनी म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलून उपास धरला होता. दिवसभर पाणी, आणि जेवण एकदाच, रात्री.

गुडघ्यांसाठी त्या आमची पुडी घेऊन गेल्या होत्या. पुन्हा आल्या तेव्हा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. उभं राहिलं की भोवळ येत होती. मी त्यांना आत नेऊन परसाकडचं विचारलं. लाजत माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "डांबरावानी हुतंय."

म्हणजे पोटात रक्त जात होतं.

"पुडी कधी घेता?"

"सकाळी. जात्यावर बसायच्या आदी."

"उपाशीपोटी? गोविंदरावांनी सांगितलं नव्हतं, जेवल्यावर घ्या म्हणून?"

"सांगितलं की. पर जेवान रातीला असतंय, आनि गुडघं सकाळी दुकत्यात."

मी त्यांचा हात धरून म्हटलं, "सोनाबाई, पुडी आणि उपास दोन्ही एकत्र चालणार नाही. जिवावर बेतेल. एक काहीतरी सोडा."

त्यांनी फार विचार केला नाही. "मग पुडी ऱ्हाऊ द्या."

"दुखेल हो फार!"

"दुकू द्या. गुडघं माजं हायत. उपास ल्योकाचा हाय."

गोविंदरावांनी त्यांच्यासाठी बांधलेली पुडी सोडून परत खलात ओतली.

पुडी बंद केली, गरम वाळूचा शेक सांगितला, पोटासाठी औषध दिलं. उपासातही दूध चालतं, हे भावाकडून त्यांना पटवलं. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. काठी टेकत, दर चार पावलांवर थांबत त्या गावी जायला स्टेशनकडे गेल्या, ते मी दारातून बघितलं.

*

आणि रसूलचाचा. ते तंबोरे करायचे. बोटांची पेरं हळकुंडासारखी सुजलेली. पुडीनं हात चालू लागला तसे खूश होऊन दुवा देऊन गेले. काही आठवड्यांनी परत आले ते कानात बोट घालूनच.

"बाईसाहेब, आत कायतरी वाजतंय. बारीक, सुंऽऽ करून."

"वय झालं चाचा," गोविंदराव म्हणाले.

वय नव्हतं, पुडीच होती. ते औषध अंगात जास्त झालं की कान वाजतात. मी डोस कमी केला, कान थोडा मोकळा झाला, पण बोटं पुन्हा आखडली.

मग चाचांनीच मला समजावलं. "भोपळा कापायला, लाकूड तासायला हात लागतो. जवारीला कान लागतो." जवारी म्हणजे तारांखालची घोडी कानशीनं घासत, आवाज फुलेपर्यंत जमवत न्यायचं काम. त्याला माप नाही, कान हेच माप. "तुमची पुडी हात देते आन् कान घेते."

तेव्हा आमचं ठरलं, की लाकूडकामाला बेतानं पुडी, आणि जवारीच्या आधी पुडी बंद करून कान स्वच्छ होऊ द्यायचे.

एका थंडीत कुणा मोठ्या गवयाचा तंबोरा त्यांच्याकडे आला. बोटांची अवस्था तेव्हा सगळ्यांत वाईट. चाचांची सून दवाखान्यात आली. "बाईसाहेब, अब्बा पुडीला हात लावत नाहीत. तुम्हीच सांगा."

मी पुडी घेऊन त्यांच्या दुकानात गेले. बोटं मिटत नव्हती, म्हणून चाचांनी कानस दोन्ही तळव्यांत धरली होती. थोडं घासायचे, तार छेडायचे, ऐकायचे, मान हलवायचे. पुन्हा घासायचे. त्या थंडीत कपाळावरून घाम ओघळत होता.

"चाचा, अर्धी तरी घ्या."

त्यांनी नुसता तळवा वर करून मला गप्प केलं. तारेखाली आवाज खुलवणारा दोरा सरकवला, जरासा मागे, जरासा पुढे. आणि तार छेडली.

आवाज उमलला. दुकानभर पसरला. भिंतीला टांगलेले कोरे भोपळेसुद्धा घुमले. तो पार विरून जाईपर्यंत चाचा डोळे मिटून बसले. मग कानस खाली ठेवली आणि दोन्ही सुजलेले हात माझ्यापुढे धरले.

"द्या आता," म्हणाले. "आता कानात काय वाजायचं ते वाजू द्या."