बारावा भाग

काल नातीने जुनी पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांचा वास आला. जव्हारच्या वाचनालयातल्या कपाटालाही हाच वास यायचा. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी सुटीत जव्हारजवळच्या आमच्या गावी, साखरशेतला आलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि त्याचा ताठा होता. बा आजारी होता. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी एका गुप्तहेराची कथामाला त्याला ओळीने वाचून दाखवत होतो. अकरावा भाग संपला. बारावा कुणी तरी नेला होता, तेरावा मात्र कपाटात होता.

"मग तेरावा आण की," बा म्हणाला.

"असं मधलं सोडून वाचत नाहीत, बा."

"माझा बा नाचणी राखताना गोष्ट कुठूनपण सांगायचा. आम्हाला समजायची. तू जास्तच शिकलास रं!" तो हसला आणि खोकत राहिला.

मी थांबलो. आठ दिवसांनी बारावा मिळाला. तो घेऊन घरी पोचलो, तर अंगणात माणसं जमली होती. मला रडू आलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर पुस्तक न उघडताच परत नेलं.

"वाचून झालं?" कारकुनाने विचारलं.

"हो."

"मग हा घ्या तेरावा."

मी घेतला. पुढचे सगळे भाग क्रमाने वाचले. त्यातलं एक वाक्यही आज आठवत नाही.