वाटीभर राजमा

माणसाचं सुख राजम्याच्या दाण्यांनी मोजता येतं असं मानणारा माणूस उभ्या विलायतेत एकच होता, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मी चौथीत शाळा सोडलेला. मुलाकडे नॉटिंगहॅमला राहायला आलो, पण हेका काही गावी ठेवून आलो नाही. व्याही ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटीतले. एक धर्मादाय संस्था आफ्रिकेतल्या खेड्यांत शेळ्या नि बियाणं वाटायची, आणि त्यानं माणसं खरंच सुखी झाली का, हे बघायला ह्यांना मलावीला धाडायची. हे तिथे प्रत्येकापुढे रिकामी वाटी आणि राजम्याची पिशवी ठेवत. जितकं बरं चाललंय तितके दाणे वाटीत टाकायचे. अक्षरओळख नसलेल्यालाही जमावं म्हणून ही युक्ती.

ती खोड इथेही सुटेना. घरी बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या गोऱ्यापुढे वाटी ठेवली, तर त्या बिचाऱ्याला वाटलं चहाबरोबर खायचं आहे. त्यानं एक दाणा दाताखाली धरला. मला तर दर भेटीत विचारायचे. मी दर वेळी वाटी शिगोशीग भरायचो. गुडघे धरलेले असोत, नाहीतर गावच्या आठवणीनं घास उतरत नसो. मुलीच्या बापापुढे मुलाच्या बापानं रडगाणं गायचं? विहीणबाई हसून नवऱ्याला म्हणायच्या, "अहो, ह्यांचं नका धरू. हे तापातसुद्धा वाटी भरतील."

मलावीतली एक गोष्ट ते नेहमी सांगत. एका म्हातारीच्या अंगणात बसले होते. तिची शेळी मेलेली, मका वाळून गेलेला. तरी तिनं अख्खी पिशवी वाटीत ओतली. हे खुशीत लिहून घेतायत तोवर तिनं तेच दाणे चुलीवर चढवले आणि संध्याकाळी ह्यांनाच जेवू घातले. दारी आलेल्या पाहुण्याला आपलं उणं कोण दाखवतं? "व्याही, माझा सगळा अभ्यास मीच खाऊन आलो," म्हणायचे.

मग विहीणबाई गेल्या. सूनबाई रोज वडिलांना फोन करी, ते रोज म्हणत, मजेत आहे. इकडे या म्हटलं तर म्हणत, कशाला. फोन ठेवला की पोर रडायची. शेवटी इंग्रजी येत नसताना मी एकटा लांबच्या बसमध्ये बसून ब्रिस्टल गाठलं. व्याह्यांची दाढी वाढलेली, फ्रीजमध्ये दुधाशिवाय काही नाही, विहीणबाईंचा कोट दाराशी तसाच टांगलेला. मी वाटी काढली, त्यांचीच पिशवी त्यांच्यापुढे ठेवली नि म्हटलं, "टाका."

त्यांनी वाटीकडे पाहिलं. मग पिशवी उचलली आणि सगळी उपडी केली. वाटी भरून दाणे टेबलावर, खाली जमिनीवर घरंगळले.

"मजेत आहे हो मी, व्याही."

मी खाली बसून दाणे वेचले. पातेल्यात घालून वर पाणी सोडलं.

"हे काय करताय?"

"भिजत घालतोय. सकाळी उसळ करू. तोवर मी कुठे जातोय?"

ते थोड्या वेळानं उठले आणि जिरं शोधायला लागले. एकेक डबा उघडायचे, वास घ्यायचे, परत झाकण लावायचे. जिरं कुठे असतं, हे त्या घरात आता कुणालाच ठाऊक नव्हतं.